सतरा पिंपांचा रॅम्प

मित्रांनो, तुमच्यापैकी दोघातिघांनी मला घसरगुंडी समजून आपल्या चड्ड्या फाडून घेतल्या, त्यांची मी आधी माफी मागतो. माझ्या पत्र्याची कड उचकटली आहे आणि ती ठोकून बसवायला आता कोणी येत नाही. पण गैरसमज दूर झालेला बरा. घसरगुंडी माणसाला वरून खाली आणते, मी खालून वर पाठवत असे. मी एक जुना रॅम्प आहे, मोटरसायकलवरून उड्या मारणाऱ्याचा. या वेल्डिंगच्या दुकानामागे, गंजलेल्या खिडक्यांच्या शेजारी मी किती दिवस पडून आहे ते मला सांगता येणार नाही. माझ्या फळ्यांतून गवत वर आले आहे, यावरून तुम्हीच अंदाज करा.

माझा जन्म याच दुकानात झाला. मला घडवणारे अप्पा वेल्डर होते. दारे, जाळ्या, जिने, हातगाड्यांचे तुटके दांडे, जे येईल ते जोडून देत आणि जोडताना स्वतःशी पुटपुटत. त्यांच्या धाकट्या मुलाला एका जागी बसणे ठाऊक नव्हते. शाळेचा बाक, गच्चीचा कठडा, शेजाऱ्याची उभी सायकल, दिसेल त्यावरून तो उडी मारी. अप्पा त्याला उडाणटप्पू म्हणत. पुढे तो मोटरसायकलवरून उड्या मारून पोट भरू लागला, तेव्हा अप्पा म्हणाले, "अरे, ती मी शिवी दिली होती. तू आशीर्वाद समजलास."

पण परक्याने बांधलेल्या रॅम्पवरून आपला मुलगा उडणार, या विचाराने त्यांच्या घशाखाली घास उतरेना. म्हणून हातातली सगळी कामे बाजूला ठेवून त्यांनी मला बांधले. लोखंडी अँगलची हाडे, त्यावर जाड प्लायवूड, त्यावर पत्रा, आणि सरकवायला खाली चार चाके. प्रत्येक जोडावर अप्पांनी दोनदा टाका मारला. हत्ती चढवला तरी हलणार नाही, असे दुकानात येणारे लोक म्हणत आणि माझी छाती फुगे. माझा कोन ठरवायला तर त्यांना दोन दिवस लागले. दोरी लावून, एक डोळा मिटून, लांब जाऊन, जवळ येऊन त्यांनी तो धरला आणि मुलाला समोर बसवून सांगितले, "नीट ऐक. तुझी गाडी म्हातारी, मैदानं आखूड. या रॅम्पवरून सोळा पिंपं हसत जाशील. सतरावं देवाच्या भरवशावर. अठरावं कोणाच्याच नाही."

आमचा खेळ असा होता. मैदानात तेलाची रिकामी पिंपे एका ओळीत उभी करायची. ओळीच्या एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला उतरणीचा रॅम्प. धाकटा लांबून वेगाने येई, माझ्यावरून हवेत जाई आणि पिंपे ओलांडून पलीकडे उतरे. टाळ्या पडत त्या उतरणीवर. चढवणाऱ्याला कोण विचारतो? हे मला लागायचे, खोटे कशाला बोलू?

आमच्यात एक रीत होती. पिंपांची ओळ अप्पांनी लावायची आणि धाकट्याने उडीआधी ती पाहायला जायचे नाही. ओळ पाहिली की पाय जड होतात, असे तो म्हणे. मोटरसायकलवरून त्याला फक्त मी दिसे आणि माझ्यामागे आभाळ. पलीकडे काय आहे ते अप्पांना माहीत आहे, एवढे त्याला पुरत होते. एरवी बापलेकांत बारा महिने कुरबुर चाले, पण या एका बाबतीत त्याचा विश्वास आंधळा होता.

या दोघांना सांभाळायची ती ताई. अप्पांची थोरली मुलगी, पण अप्पाही तिला ताईच म्हणत. ती पाट्या रंगवी. दुकानांची नावे, शाळांच्या भिंती, ट्रकच्या पाठीवरच्या ओळी, सगळे तिच्या हातचे. तिची अक्षरे ओळंबा लावल्यासारखी सरळ असत. खेळाच्या दिवशी माइक तिच्याकडे असे आणि ती भावाची अशी थट्टा करी की लोक उडीपेक्षा तिच्या बोलण्यालाच जास्त हसत.

एका वर्षी तिची अक्षरे उजवीकडे खाली उतरू लागली. आधी वाटले, शिडी कलली असेल. मग एका दुकानदाराने पाटी परत पाठवली. मग सकाळी उठल्या उठल्या डोके धरून बसणे आणि उलट्या सुरू झाल्या. अप्पा म्हणत, रंगाच्या वासाने होत असेल, चार दिवस ब्रश ठेव. चार दिवसांनी काय होते, मित्रांनो? ती हॉस्पिटलात गेली आणि परत आली ती थेट माझ्या उतारावर येऊन बसली.

"काय म्हणाले डॉक्टर?" धाकट्याने विचारले.

"बरंच काही म्हणाले. सगळं माझ्या डोक्यावरून गेलं. एवढंच कळलं की मेंदूत गाठ आहे."

अप्पांनी तोंडासमोरची काळी काच खाली घेतली. "कसली गाठ?"

"आत्या जन्मभर माझ्या लग्नाची गाठ बांधायला निघाली होती ना? चुकून डोक्यात बांधली वाटतं."

कोणी हसले नाही. ती एकटीच हसली आणि हसता हसता माझ्या पत्र्यावर दोन्ही हात घट्ट दाबून बसली. मित्रांनो, मला दोनच गोष्टी कळतात, वजन आणि वेग. त्या दिवशी तिचे सगळे वजन तिच्या तळहातांत आले होते.

त्यानंतरच्या पहिल्या खेळाला तिने रंगाचा डबा उघडला आणि ओळीतल्या पहिल्या पिंपावर मोठ्या अक्षरांत लिहिले, डोकेदुखी. धाकटा लहानपणापासून तिला याच नावाने हाक मारी. माइक हातात घेऊन ती म्हणाली, "हा माझा भाऊ. जन्मल्यापासून माझ्या डोक्यावर बसलाय. आज एकदाचा डोक्यावरून जाणार आहे, बघून घ्या." लोक पोट धरून हसले. धाकट्याने उडी मारली, पलीकडे उतरला, वळसा घेऊन परत आला आणि त्या पिंपावर बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकले, दारावर ठोकावे तसे. ताई म्हणाली, "आत कोणी नाही." झाली आमची रीत सुरू.

ताईचे ऑपरेशन झाले. गाठीचा काही भाग निघाला, काही जिथे होता तिथेच राहिला, कारण त्याला हात लावला तर तिची वाचा जाईल असे डॉक्टर म्हणाले. वॉर्डात तिने शेजारच्या खाटांना आमच्या खेळाची हकीगत तिखटमीठ लावून सांगितली. पुढच्या खेळाला वॉर्डातून चौघे आले. एक बसचा ड्रायव्हर होता. तो म्हणाला, "आमच्याही डोक्यावरून जा की राव. आमच्या डोक्यात काय कमी भरलंय?"

ताईने त्याचे नाव विचारले नाही. "खरी नावं केसपेपरवर लिहून लिहून झिजलीत," ती म्हणाली. "इथं लाडाचं लिहू." ड्रायव्हरच्या पिंपावर तिने लिहिले, गिअर. अशी एकेक पिंपे नावाची झाली. खेळ आता मेंदूच्या गाठीच्या रोग्यांसाठीच होऊ लागला. त्यातून जे काही येई ते रोग्यांच्या नातेवाइकांसाठी जाई. ही माणसे तोवर हॉस्पिटलच्या जिन्याखाली झोपत होती, त्यांना समोरच्या गल्लीत एक खोली मिळाली. उडीच्या आधी प्रत्येक रोगी माझ्याजवळ येऊन पत्र्यावर तळहात ठेवून जाई. कोणाचा हात तापलेला, कोणाचा थरथरणारा, कोणाचा एकच हात चालणारा. ताई माइकवरून एकेक नाव घेई आणि ते नाव असलेले माणूस खुर्चीत ताठ बसे. तेवढा दिवस वॉर्डातली माणसे पोटभर जेवत, असे तिथल्या सिस्टर सांगत. आणि कोणी शिकवले नसताना त्यांच्यात एक समजूत पसरली, की तो नीट उतरला म्हणजे आपला रिपोर्ट नीट येतो. ताई ही समजूत खोडून काढी. पण तिचाच रिपोर्ट असला की आदल्या दिवशी ती माझे पत्रे स्वतः पुसून ठेवी.

ती माझी भरभराटीची वर्षे. मला लोकांनी हात लावले, लहान मुलांना माझ्यावर बसवून फोटो काढले. उतरणीपेक्षा माझी किंमत वाढली. मी फुशारलो, हे कबूल करतो.

पहिला गेला तो गिअर. पुढच्या खेळाला अप्पांनी त्याचे पिंप दुकानातच ठेवले. त्यात त्यांचे काय चुकले? पण खेळाच्या दिवशी गिअरची बायको आली. कोणी बोलावले नव्हते. पहिल्या रांगेत बसली, पदराने तोंड पुसले आणि ओळीकडे पाहून ताईला म्हणाली, "यांचं कुठं लावलंय हो? दिसत नाही."

ताईला खरे सांगता आले नाही. "रंग वाळत होता, आणतोच," ती म्हणाली. खेळ तासभर थांबला. अप्पा ट्रक घेऊन दुकानात गेले, पिंप आणले आणि ओळीत डोकेदुखीच्या शेजारी लावले. ती बाई खेळ संपेपर्यंत हात जोडून बसली होती. त्या दिवशी घरी परतताना ताईने नियम केला, "अप्पा, एकदा ओळीत आलं की आलं. माणूस जाईल, पिंप जायचं नाही."

मित्रांनो, सगळ्या चुका काही वाईट मनाने होत नाहीत. ही चूक मायेने झाली, म्हणून ती कोणाला चूक वाटलीच नाही. माणसे जात राहिली, नवी येत राहिली आणि ओळ फक्त वाढत राहिली. नऊ झाली, बारा झाली, चौदा झाली. कोऱ्या पिंपांची सद्दी संपली आणि सगळी ओळ नावांची झाली.

पंधराव्याला अप्पा पुटपुटू लागले. सोळावे झाले, तेव्हा त्यांनी दोघा मुलांना समोर बसवून आपला जुना हिशोब पुन्हा सांगितला. तेव्हा तिथे गणिताच्या एक बाईही होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, कडक, डोक्याला मागे टाक्यांची रेघ. त्या पिंप मागायला आल्या होत्या. अप्पांचे सगळे ऐकून घेऊनही त्या उठल्या नाहीत. "मग सतरावं माझं," त्या म्हणाल्या. अप्पा बाईंच्या वर्गातले विद्यार्थी असते तर त्यांनी जेवढा विरोध केला असता तेवढाच केला. त्या पिंपावर ताईने गणित असे लिहिले.

सतरा पिंपांचा खेळ धाकट्याने केला, पण उतरताना दणका बसला आणि तो आठवडाभर वाकून चालत होता. म्हणून अप्पांनी मला वीतभर उंच केले. उडी उंच गेली, पण लांब गेली नाही, आणि उंचावरून आपटल्याने त्याची पाठ आणखी बिघडली. अप्पांनी मला पुन्हा कापून पहिल्यासारखे केले. माझ्या अंगावर ते दोन्ही डाग आहेत. मी त्या वेळी जे देऊ शकलो नाही ते अजून माझ्या मनात सलते.

ताईला आता शब्द सापडेनासे झाले होते. औषधांनी चेहरा सुजला होता आणि डावा हात मांडीवर पडून राही. एकदा दुपारी दुकानात माझ्या उतारावर बसून ती भावाला म्हणाली, "याला काय म्हणतात रे? हे, ज्यावर मी बसलेय."

"रॅम्प, ताई."

"हां, तेच." ती थोडा वेळ पत्रा चाचपत राहिली. "चढतो, पण पोचत कुठंच नाही."

माझ्या जन्मापासून जी माझ्यावर बसत आली तिने माझे नाव विसरावे, हे मला फार लागले. आणि ती बोलली ते खोटे नव्हते, हे त्याहून लागले.

अठरावे पिंप मागायला एक सात वर्षांची मुलगी आली. मागायला म्हणजे काय, ती आईच्या मागे उभी होती आणि डोक्यावरची लोकरीची टोपी दोन्ही हातांनी खाली ओढत होती. अप्पा बाहेर आले, तिला पाहिले आणि तसेच आत गेले. नाही म्हणायला जीभ रेटली पाहिजे ना? ताईने ब्रश मागितला. तिला टोपी लिहायचे होते. अर्धा तास लागला. शेवटी पिंपावर टोपा असे उमटले. वेलांटीचे वरचे वळण राहून गेले होते आणि ते राहिले हे तिच्या लक्षातही आले नाही. मुलीने अक्षरे लावून वाचले, "टो पा," आणि खुदकन हसली. त्या दिवसापासून वॉर्डात तिला सगळे टोपाच म्हणू लागले. ताईच्या हातचे ते शेवटचे अक्षर.

महिन्याभरात ताई गेली. हे मी लांबवून सांगणार नाही. अप्पांनी दुकान चार दिवस बंद ठेवले, पाचव्या दिवशी उघडले आणि दिवसभर काहीही जोडले नाही. धाकटा माझ्याजवळ आला, मला टेकून बसला आणि म्हणाला, "अठराचा खेळ करायचा. तिच्यासाठी."

अप्पा म्हणाले, "ओळ कमी कर. गेलेल्यांची काढ. बारा जण गेलेत, त्यातली दोन काढ, माझं काही म्हणणं नाही."

"कोणाची काढू? नावं सांगा."

बाप मुलाला एवढेच म्हणू शकला, "अठरा नाही जमायची रे." आणि मुलगा म्हणाला, "तुम्ही फक्त ओळ लावा."

खेळ हॉस्पिटलमागच्या मैदानात होता. सकाळी अप्पा एकटेच ट्रक घेऊन आले. त्यांनी अठरा पिंपे ओळीत उभी केली, पहिले नेहमीप्रमाणे डोकेदुखीचे, माझ्या अगदी पुढ्यात. मग ते ओळीतून चालत गेले. प्रत्येक पिंपापाशी थांबले. टोपावर हात ठेवला, काढला. गणितावर ठेवला, काढला. गिअरपाशी बराच वेळ उभे राहिले. तिथून ते पहिल्या पिंपाशी परत आले, ते कलते केले आणि कडेवर फिरवत फिरवत ट्रककडे नेले. वर चढवून त्यावर ताडपत्री टाकली. मग माझ्या चाकांचे अडसर काढून त्यांनी मला एका पिंपाइतके पुढे सरकवले. ढकलताना ते मला म्हणाले, "लोकांच्या माणसांना मी कसा हात लावू? माझी तेवढी काढतो." मी गप्प राहिलो. लोखंडाला दुसरे येते तरी काय?

दुपारी लोक जमले. ओळीतले सहा जण हयात होते आणि सहाही आले होते, कोणी चालत, कोणी चाकाच्या खुर्चीत. माइक एका खुर्चीवर ठेवला होता. ताईच्या जागी नावे वाचायला कोणी धजले नाही, म्हणून त्या दिवशी नावे वाचलीच गेली नाहीत. धाकटा ओळ पाहायला आला नाही. रीत होती ना.

तो आला तेव्हा मला त्याचा वेग चाकाच्या पहिल्या स्पर्शाला कळला. गाडीत होते नव्हते तेवढे सगळे त्याने काढले होते. तो माझ्यावरून गेला आणि पलीकडून कड असा आवाज झाला. मागचे चाक उतरणीच्या अगदी कडेवर पडले होते, चार बोटे आत. गाडी घसरली, वाकडी झाली, त्याने सावरली. लोकांनी टाळ्यांनी मैदान डोक्यावर घेतले.

तो वळसा घेऊन नेहमीप्रमाणे पहिल्या पिंपाशी आला. ठोकायला हात उचलला. समोर गिअर होते.

त्याने हेल्मेट काढले. "ताईचं कुठंय?"

अप्पा वाकून त्याच्या गाडीचे मागचे चाक पाहत होते.

"अप्पा, पिंप कुठंय?"

"ट्रकमध्ये. मागचं चाक कुठं पडलं ते जाऊन बघ आधी."

"आज? ती गेल्यावरचा पहिला खेळ, आणि सगळ्यांवरून गेलो, तिच्यावरून नाही?"

"तिचं काढलं, कारण ती माझी होती. दुसऱ्याच्या माणसाला हात लावायचा मला हक्क नाही."

"ती तुमची होती. मग मी कोणाचा?"

"म्हणून तर काढलं," अप्पा म्हणाले.

धाकटा ट्रककडे गेला. ताडपत्री फेकली, पिंप खाली घेतले आणि फिरवत आणून पहिल्या जागी ठेवले. त्यासाठी मला मागे ढकलले. लोकांना वाटले, हा खेळाचाच भाग आहे. त्यांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. तो गाडी घेऊन मैदानाच्या टोकाला गेला. तेवढ्यात अप्पा आले आणि माझ्या पायथ्याशी, उताराच्या मधोमध बसले. त्यांचे वजन माझ्या ओळखीचे. त्या दिवशी ते फार कमी भरले.

धाकटा गाडी घेऊन त्यांच्यासमोर येऊन थांबला. "उठा अप्पा."

"नाही उठत."

टाळ्या थांबल्या. इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. मग गणिताच्या बाई काठी टेकत टेकत आल्या. "ती गाडी बंद कर," त्या म्हणाल्या. "आवाजात मला सुचत नाही."

त्याने गाडी बंद केली.

"सतराच्या पुढं हे जात नाही, हे अप्पांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तरी मी नाव लिहून घेतलं. मनात म्हटलं, कोणी ना कोणी आधी जाईल आणि जागा होईल. जन्मभर वजाबाकी शिकवली, सवयच लागते. पण तुमच्याकडे गेलेलं कोणी जातच नाही." त्या थांबल्या. जिभेवरचा शब्द हरवला होता, तो शोधून त्या पुढे म्हणाल्या, "माझं पिंप काढा."

"बाई, तुमचं कशाला? तुम्ही तर..."

"मग कोणाचं काढू? त्या गिअरच्या बायकोला जाऊन सांगू?"

बाईंनी स्वतःच आपल्या पिंपाला हात घातला. ते हलेना, तेव्हा ओळीत नाव असलेला एक जण खुर्चीवरून उठून मदतीला आला आणि त्यांचे काढून झाल्यावर त्याने आपलेही काढले. मग तिसरा उठला, मग चौथा, मग पाचवा. कोणी कोणाला काही सांगितले नाही. शेवटी टोपाच्या आईने लेकीचे पिंप कडेला नेले. टोपा तिच्या मागोमाग गेली आणि टोपी खाली ओढत मोठ्या माणसांकडे एकेक करून पाहत तिने विचारले, "मग आता माझ्या डोक्यावरून कोण जाणार?"

आईने तिची टोपी सरळ केली.

ओळीत बारा पिंपे उरली, ज्यांना उचलायला कोणी येणार नव्हते अशी. धाकटा पहिल्यांदाच ओळीच्या बाजूला गेला आणि ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहत उभा राहिला. बारा पिंपे म्हणजे आम्हा दोघांच्या हातचा मळ होता. पण तो उडी ज्यांच्यासाठी मारायचा ते मैदानाच्या कडेला आपापल्या पिंपाशी उभे होते आणि घरी न्यायला गाडी कधी येणार हे विचारत होते. त्याने गाडी आहे तिथेच सोडली आणि फाटकातून चालत बाहेर गेला.

त्यानंतर खेळ झाला नाही. नातेवाइकांची खोली काही महिन्यांनी बंद पडली आणि माणसे पुन्हा जिन्याखाली झोपू लागली. गणिताच्या बाई चार महिन्यांनी गेल्या, हे सिस्टरने दुकानात येऊन सांगितले. ती टोपाबद्दलही काही सांगणार होती, पण अप्पांनी मशीन सुरू केली आणि काळी काच तोंडासमोर धरली. म्हणून मला ठाऊक नाही. न विचारण्यातच अप्पांना जे कळले ते कळले.

धाकटा आता पाण्याचा टँकर चालवतो. टँकरचा पाइप फुटला की दुकानात येतो, कारण या रस्त्याला दुसरा वेल्डर नाही. "किती वेळ लागेल?" तो विचारतो. "तासभर," अप्पा सांगतात. तो तास तो रस्त्याकडे तोंड करून बसतो. पाइप जोडून होतो, तो जातो. अप्पांनी मुलगा वाचवला हे खरे. पण तो त्यांना मिळाला नाही. उतरणीचा रॅम्प अप्पांनी कापून कोणाच्या तरी फाटकाला लावला. मला त्यांनी कापले नाही आणि कधी हातही लावला नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी काहीतरी मागायचे असते. कोणी रंग मागते, कोणी छप्पर. मला काही नको. भंगारवाला येईल तेव्हा येईल. पण तुमच्या घरात किंवा शेजारी कोणी एखाद्या आजारी माणसासाठी धावत असेल, तर त्याला टाळ्या वाजवून परत फिरू नका. झेपतंय का, असे त्याला विचारा. तो हो म्हणेल. त्याच्या शब्दावर जाऊ नका. उठा, ओळीच्या टोकापर्यंत चालत जा आणि पिंपे तुम्हीही मोजा. आमच्याकडे मोजणारा एकच माणूस होता, आणि काढण्यासारखे पिंप त्याच्याकडे एकच होते.